कौलारू घरात लिपो बॅटरी चार्ज करताना: जागा, वेळ आणि पावसाळ्याचे चार महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातलं जुनं कौलारू घर. नववीतल्या मुलाकडे फोमचं रिमोटवरचं विमान, ३एस २२०० एमएएचचे (एमएएच हे साठवणक्षमतेचं माप) तीन लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचे पॅक आणि विमानाबरोबर आलेला तीन दिव्यांचा छोटा चार्जर. सकाळी लवकर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जायचं म्हणून तो रात्री माजघरातल्या लाकडी टेबलावर पॅक चार्जिंगला लावून झोपतो. त्यातला एक पॅक फुगला आहे. आजींचं म्हणणं, हे सगळं घराबाहेर काढा. वडील विचारतात की आगरोधक पिशवी आणली तर भागेल का? आणि मे महिन्यात मुंबईहून येणारा चुलतभाऊ स्वतःचे पॅक आणणार आहे, त्याने ते कसे आणावेत?

आधी आजचं काम. फुगलेला पॅक पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून पाहू नका, टाचणी टोचून हवा काढायचा विचारही करू नका. तो घराबाहेर, भिंतीपासून लांब, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका. त्याची विल्हेवाट कशी लावायची ते पुढे सांगतो.

आजींचं म्हणणं मला पूर्ण पटतं. चार्जिंग घराबाहेरच व्हायला हवं. त्यासाठी मुलाचा छंद बंद करायची गरज नाही. मी स्वतः बरीच वर्षं रत्नागिरीकडच्या सड्यांवर विमानं उडवतो, नव्या मुलांना शिकवतो, आणि शिकवण्याची सुरुवात उड्डाणापासून करत नाही, चार्जिंगच्या जागेपासून करतो. लिपो पॅक कधीच पेटणार नाही अशी हमी कुणालाही देता येत नाही, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. पण तो पेटला तर आजूबाजूला जळण्यासारखं काही नसेल आणि पाहणारं माणूस जवळ असेल, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. माझा सगळा भर त्यावर आहे. चांगला चार्जर, पिशवी, मीटर हे सगळं त्यानंतर येतं.

विमान कंपन्यांनाही शेवटी हाच मार्ग धरावा लागला. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांतल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग आणि धुराचे प्रकार झाले आणि जगभरातली ती सगळी विमानं जमिनीवर उभी करावी लागली, एअर इंडियाचीसुद्धा. त्या बॅटऱ्यांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या चार्जरपेक्षा कितीतरी पटींनी भारी होती. बोइंगने बॅटरी आणि तिचा चार्जर सुधारलेच, पण त्याबरोबर संपूर्ण बॅटरी पोलादी पेटीत बसवली आणि त्या पेटीतून वायू व धूर थेट विमानाबाहेर जाईल अशी नळी जोडली. म्हणजे सगळी काळजी घेऊनही सेल पेटलाच तर विमान वाचावं, ही सोय केली. आपल्याला घरासाठी नेमकं तेच करायचं आहे, आणि कोकणात ते फार स्वस्तात होतं, कारण आपल्याकडे जांभ्या दगडाचे चिरे आहेत.

तुमच्या पॅकमध्ये काय असतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. ३एस म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेले. प्रत्येक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट. आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड, आणि या दोघांना वेगळं ठेवणारा प्लास्टिकचा पापुद्रा. तो केसापेक्षाही पातळ असतो. हे सगळं पेट्रोलसारख्या ज्वलनशील द्रावकात भिजलेलं असतं. वरून पोलादी कवच वगैरे काही नाही, फक्त अॅल्युमिनियमचा थर असलेली मऊ पिशवी. सेल कुठल्याही कारणाने जास्त तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पापुद्रा वितळू लागतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आणि मग त्या ऑक्साइडमधून प्राणवायूही सुटतो. म्हणून वरून झाकून, हवा तोडून ही आग विझत नाही. एक सेल गेला की शेजारचे दोन त्याच्या उष्णतेने जातात.

२२०० एमएएचच्या ३एस पॅकमध्ये साधारण २४ वॉट-अवर वीज साठते. पाव लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. ऐकायला ती थोडी वाटते, पण द्रावक जळून निघणारी उष्णता त्याहून वेगळी आणि बरीच जास्त असते, आणि ती काही सेकंदांत ज्वाळेच्या फवाऱ्यासारखी एका दिशेने बाहेर येते. उघड्या कातळावर असा पॅक पेटला तर मिनिटाभरात जळून राख होतो, बाकी काही होत नाही. तोच माजघरात पेटला तर काय होईल, त्याचा विचार तुमच्या घरात उभं राहून करा.

जांभ्याच्या भिंतींना काही होत नाही. पण वर पाहा. वासे, रिपा, पोटमाळ्याच्या फळ्या, सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड. पोटमाळ्यावर पेंढा, जुनी गोधडी, सुके नारळ. मागच्या पडवीत सोडणं, झावळ्या, लाकडं, शेणी. आणि देवगडचं घर म्हणजे एप्रिल-मेमध्ये आंब्याची अढी. खोलीभर पेंढा पसरलेला, त्यावर हापूस, कोपऱ्यात लाकडी पेट्यांची चवड. मुलांची सुट्टी आणि विमान उडवण्याचा सगळ्यात चांगला काळही नेमका तोच. अढी लावलेल्या घरात रात्री लिपो चार्जिंगला लावून झोपणं ही या प्रश्नातली माझ्या दृष्टीने सगळ्यात काळजीची गोष्ट आहे, फुगलेल्या पॅकपेक्षाही. गावात अग्निशमन बंब नगरपालिकेच्या ठिकाणाहून येणार. पाणंदीतून आणि अरुंद घाटीतून तो घरापर्यंत पोचेतो छप्पर उरणार नाही.

आता जागा. घरापासून सुटी, वर वासे-रिपा नसलेली जागा शोधा: खळ्याची कड, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरचा सिमेंटचा ओटा, किंवा नव्याने बांधलेल्या भागाचा स्लॅब असेल तर त्याखालची मोकळी जागा. तिथे चार-पाच चिरे घ्या. एक-दोन तळाला आडवे, बाकी तीन बाजूंनी उभे, चौथी बाजू मोकळ्या अंगणाकडे उघडी. तळाला दोन-तीन इंच कोरडी वाळू. पॅक त्या वाळूवर ठेवायचा. वरून झाकायचंच असेल तर एक-दोन कौलं तिरकी टेकवा, फटी राहू द्या, कारण वायूला वाट मिळाली पाहिजे. हवाबंद डबा घेऊन त्यात पॅक चार्ज करणं फार धोक्याचं. वायू कोंडला की झाकण उडतं आणि त्याबरोबर पेटलेले तुकडे.

चार्जर या चिऱ्यांच्या आत ठेवू नका, बाजूला हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे पॅकला काही झालं तरी प्लग काढायला हात आगीजवळ न्यावा लागणार नाही. त्याहून बरं म्हणजे भिंतीवरचा स्विच लांबून बंद करता येईल असा असावा. आजूबाजूला चार-पाच हातांत मोटरसायकल नको, गाड्याचं ऑइल नको, वाळत घातलेले कपडे किंवा आमसुलं नकोत. पावसाळी जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ओढू नका. अंगणात वीज न्यायची तर चांगला बोर्ड आणि घराला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, तो नसेल तर आधी वायरमनला बोलवा.

वाळूबद्दल एक सूचना. समुद्राची वाळू उचलून आणू नका. तिच्यात मीठ असतं, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि ओली खारी वाळू वीजवाहक असते. पॅकच्या उघड्या टोकांना ती लागली तर तिथेच शॉर्ट. शिवाय ओल्या वाळूवर पेटता पॅक पडला की वाफेबरोबर ठिणग्या उडतात. गोड्या पाण्यातली, धुऊन मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू घ्या आणि पावसाळ्यापूर्वी डब्यात भरून ठेवा. एक बादली जास्तीची भरून चार्जिंगच्या जागेपासून दोन-चार पावलांवर ठेवा.

पिशवीचं विचारलंत. ती घ्यायला माझा विरोध नाही, पण तिच्यावर विसंबून चार्जिंग पुन्हा घरात नेणार असाल तर घेऊ नका. काचतंतूंच्या कापडाची ती पिशवी ज्वाळा थोडी अडवते. ज्वाळा शिवणीतून आणि वायरसाठी ठेवलेल्या फटीतून बाहेर येते, धूर तर कुठूनही येतो, आणि बाजारातल्या सगळ्या पिशव्या एका दर्जाच्या नसतात. गाडीतून ने-आण करायला ती ठीक आहे. लाकडी टेबलावर ठेवलेली पिशवी म्हणजे चार चिऱ्यांची जागा नव्हे.

वेळेचा प्रश्न जागेइतकाच महत्त्वाचा आहे. तुमचा मुलगा रात्री चार्ज का करतो ते मला समजतं. कोकणात सकाळी खारे वारे सुरू होण्याआधीचे दोन-तीन तास हवा शांत असते आणि हलक्या फोमच्या विमानाला तीच वेळ मानवते. पण त्यासाठी रात्रभर चार्जिंगची गरज नाही. नीट चार्जरवर २२०० चा पॅक सव्वा तासाच्या आत भरतो. आदल्या संध्याकाळी, मोठी माणसं ओटीवर बसलेली असताना, तो चिऱ्यांशेजारी अभ्यासाला बसून एक-दोन पॅक भरू शकतो. भरलेले पॅक चार्जरवरून काढून त्याच जागी वाळूच्या डब्यात रात्रभर राहू दे. एका रात्रीने काही बिघडत नाही. नियम असा ठेवा: जो पॅक चार्जिंगला लावतो तो तिथून हलत नाही. आंघोळीला जायचं, दुकानात जायचं, जेवायला हाक आली, तर प्लग काढायचा आणि मग जायचं. डोळ्यांसमोर फुगायला लागलेला पॅक आणि पेटलेला पॅक यांच्यात कधी काही मिनिटं मिळतात, कधी काही सेकंद. तेवढ्यात स्विच बंद करणारं कुणी तिथे असलं पाहिजे.

आता चार्जर. तीन दिव्यांचा जो छोटा चार्जर विमानाबरोबर मिळतो तो बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेलची वायर आलेल्या, पांढऱ्या प्लगमधून प्रत्येक सेल स्वतंत्र भरतो. त्याचा करंट कमी असतो, म्हणून तीन तास लागतात. तो स्वतः आग लावतो असं मी म्हणणार नाही. त्याची अडचण ही की तो काहीच सांगत नाही. सेल किती व्होल्टवर आहेत, पॅकमध्ये किती एमएएच गेले, एखादा सेल मागे पडतोय का, यातलं काहीही त्या दिव्यांवरून कळत नाही. प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवणारा, ठरावीक वेळेनंतर आणि ठरावीक एमएएचनंतर आपोआप थांबणारा बॅलन्स चार्जर घ्या. पुढच्या विमानाचे पैसे आधी यात घाला.

अशा चार्जरवर मात्र माणसाची चूक होऊ शकते, आणि चार्जिंगच्या आगींमध्ये ही चूक वरच्या क्रमांकावर असते. प्रकार ‘लिपो’ निवडायचा. एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड, हा बॅटरीचा वेगळाच प्रकार) नाही, कारण त्या पद्धतीत चार्जर ४.२० ला थांबतच नाही. ‘लिपो एचव्ही’ही नाही, कारण तो प्रत्येक सेल ४.३५ पर्यंत नेतो आणि तुमचे साधे पॅक त्यासाठी बनलेले नाहीत. करंट २.२ अँपिअर, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतका, ज्याला आपण १सी म्हणतो. पॅकवर ५सी चार्जिंग छापलेलं असलं तरी घरी १सी पुरे. नेहमी ‘बॅलन्स’ हा पर्याय, आणि बॅलन्सचा प्लग लावल्याशिवाय चार्जिंग सुरू करायचं नाही.

बॅलन्स प्लगचा आग्रह का, ते आकड्यांत सांगतो. पूर्ण भरलेल्या ३एस पॅकचं एकूण व्होल्टेज १२.६. जवळजवळ रिकाम्या ४एस पॅकमध्ये प्रत्येक सेल ३.१५ वर असेल तर त्याचंही एकूण १२.६ च. फक्त मुख्य दोन वायरी जोडल्या असतील तर चार्जरला हे दोन पॅक वेगळे ओळखता येत नाहीत. तुम्ही चुकून ४एस निवडलंत तर तो तुमच्या ३एस पॅकला १६.८ व्होल्टपर्यंत ढकलत राहील, म्हणजे एकेका सेलला ५.६. तिथे पोचण्याआधीच सेल पेटतो. बॅलन्सचा प्लग लावलेला असला की चार्जर सेल मोजतो, आकडा जुळला नाही तर थांबतो. चुलतभाऊ स्वतःचे पॅक घेऊन येईल तेव्हा हे लक्षात असू दे. दोन मुलांचे ३एस आणि ४एस एकाच टेबलावर मिसळले की सेटिंग बदलायचं राहून जातं. आणि दोघांचे पॅक एकत्र पट्टीला जोडून समांतर चार्ज करण्याचा प्रकार सध्या नकोच. त्यात एका खराब सेलमध्ये बाकी सगळे पॅक मिळून करंट ओततात.

आपल्या खाऱ्या हवेचा त्रास इथेही आहे. किनाऱ्यालगतच्या गावात बॅलन्स प्लगच्या पिनांवर आणि एक्सटी-६० या मुख्य प्लगच्या सोनेरी टोकांवर काही महिन्यांत काळपट किंवा हिरवट थर दिसू लागतो. संपर्क कच्चा झाला की मुख्य प्लग गरम होतो, आणि बॅलन्सची पिन खराब असेल तर चार्जरला त्या सेलचं खरं व्होल्टेज कळत नाही. महिन्यातून एकदा भिंगाखाली पिना पाहा, साधा मल्टिमीटर घेऊन प्रत्येक सेल हाताने मोजा आणि चार्जरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. हिरवा पडलेला प्लग घासून वापरत बसू नका, बदला. मात्र बदलताना एका वेळी एकच वायर कापायची. लाल-काळी एकत्र कापली तर कात्रीतच शॉर्ट होतो.

वीज जाण्या-येण्याचं आपल्याला नवीन नाही. चार्जिंग चालू असताना वीज गेली तर प्लग काढा. परत आली की पुन्हा सुरुवातीपासून सेटिंग तपासून मगच सुरू करा. काही चार्जर वीज आल्यावर थांबलेले राहतात, काही स्वतःहून सुरू होतात, त्यामुळे भरवसा नको. मे अखेरचे आणि परतीच्या पावसातले वळीव गडगडायला लागले की चार्जिंग बंद. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी लिपो चार्ज करू नका. ती लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

आता पॅक पेटतात तरी का? वर सांगितलेलं चुकीचं सेटिंग सोडलं तर चार्जिंगच्या वेळी लागणाऱ्या बऱ्याच आगींचं बी आधीच पेरलेलं असतं. विमानाचा तोल राखायला पॅक नाकात बसवलेला असतो. विमान नाकावर आपटलं की पहिला मार त्यालाच. हिरवळीवर पडणं वेगळं आणि आमच्या सड्यावरच्या कातळावर पडणं वेगळं. बाहेरून फक्त एक कोपरा दबलेला दिसतो, आत मात्र तो पापुद्रा चिरडलेला असतो. रिकाम्या पॅकमध्ये तो गप्प राहतो. चार्जिंगला लावलं की भरत आलेल्या सेलमध्ये नेमका तिथे शॉर्ट होतो. म्हणून पडझडीनंतर पॅक विमानातून काढा, उघड्या कातळावर लांब ठेवा, अर्धा-पाऊण तास त्याच्यावर नजर ठेवा. गाडीच्या डिकीत टाकून लगेच घरी आणू नका. घरी आल्यावर रात्रभर चिऱ्यांत. दुसऱ्या दिवशी दबलेला कोपरा, फाटलेली पिशवी, गोडसर रसायनाचा वास किंवा एखाद्या सेलचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा खाली, यातलं काहीही दिसलं तर तो पॅक बाद. किंमत आठवून जीव तुटतो, मुलांचा तर फारच, पण इथे दया दाखवायची नाही.

दुसरं कारण म्हणजे पार रिकामा झालेला पॅक. उडवून झाल्यावर पॅक विमानाला जोडलेलाच राहिला तर मोटर बंद असूनही ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर थोडा थोडा करंट खात राहतात. दोन-तीन दिवसांत सेल ३ व्होल्टच्या खूप खाली जातात. इतक्या खाली आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या ठिकाणी जमून आत शॉर्ट करू शकतं. चांगला चार्जर असा पॅक घेत नाही, चूक दाखवतो. मग मुलं इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून एनआयएमएचच्या पद्धतीने त्याला ‘जागा’ करतात. तुमच्या घरी हे होऊ देऊ नका. मुलाशी या एका गोष्टीवर स्पष्ट बोला. विमान उतरवल्यावर सेल ३.७ च्या आसपास असावेत असं टायमर लावून उडवायला शिकवा.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची आहे आणि तुमचा पॅक बहुधा तीमुळेच फुगला असावा. मे अखेरीस शेवटच्या उड्डाणासाठी सगळे पॅक भरून ठेवलेले असतात, पाऊस येतो, आणि ते भरलेले पॅक थेट दसऱ्याला आठवतात. ४.२० व्होल्टवर आणि उकाड्यात महिनोन्‌महिने पडलेल्या सेलमध्ये द्रावक हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो. तोच तो फुगवटा. म्हणून दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर चार्जरमधला ‘स्टोअरेज’ पर्याय वापरून प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. लग्न, परीक्षा, पाऊस, कारण काहीही असो. या पातळीवर सेलला त्रास कमी होतो, आणि काही बिघडलंच तरी भरलेल्या पॅकइतका भडका होत नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मोजा. व्होल्टेज फारसं हलता कामा नये. एखादा सेल बाकीच्यांना सोडून उतरत चालला असेल तर त्याचं आयुष्य संपत आलं.

ठेवायची जागाही महत्त्वाची. कपड्यांच्या कपाटात नको, देवघराखालच्या खणात नको, पोटमाळ्यावर तर नकोच नको, कारण कौलांखाली दुपारी भट्टी होते. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, तळाला वाळू, प्रत्येक पॅकच्या प्लगला टोपी, झाकण सैल, आणि तो डबा जमिनीलगत, आजूबाजूला जळाऊ काही नसलेल्या सावलीच्या ठिकाणी. काहीजण फ्रिजमध्ये ठेवतात. आपल्या दमट हवेत थंड पॅक बाहेर काढला की त्यावर पाणी जमतं, पिनांमध्ये शिरतं. त्या भानगडीत पडू नका. आणि मे महिन्यात बंद गाडीत, काचेमागे पॅक ठेवून देवळात किंवा बाजारात जाऊ नका. उडवून गरम झालेला पॅकही हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत चार्जरला जोडायचा नाही.

एवढं करूनही पॅक पेटला तर? आधी फुगतो, मग नेलपॉलिशसारखा वास, फुसफुस आवाज, पांढरा दाट धूर, आणि मग ज्वाळा. हे सुरू झालं की लांबून स्विच बंद करा आणि मुलांना मागे घ्या. पॅक हातात उचलून पळू नका. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून वारा धूर नेईल त्या बाजूला उभे राहू नका, वाकून बघू नका. चिऱ्यांच्या जागेत पेटला असेल तर जळून जाऊ द्या, वरून कोरडी वाळू ओता. वाळूने आतली क्रिया थांबत नाही, पण ज्वाळा आणि ठिणग्या अडतात. आजूबाजूचं काही पेटलं तर वीज तोडून भरपूर पाणी मारा. लिपोवर पाणी मारू नये अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. पाणी थंड करतं, आणि थंड करणंच गरजेचं असतं. प्रश्न फक्त विजेच्या जोडणीचा आणि धुराचा. भुकटीचा एबीसी सिलिंडर शेजारचं पेटलेलं लाकूड-कापड विझवायला चांगला, सेलच्या आत त्याचा उपयोग होत नाही. घर पेटल्यास सगळ्यांना बाहेर काढून १०१ किंवा ११२. जळालेला पॅक दिवसभर तिथेच राहू दे, तो पुन्हा पेटू शकतो. त्याला विहिरीत किंवा ओहोळात टाकू नका.

बाद पॅकची विल्हेवाट. तुमचा पॅक नुसता थोडा फुगलेला असेल, फाटलेला किंवा गरम नसेल, तर त्याच चिऱ्यांच्या जागेत वाळूवर ठेवून त्याच्या मुख्य प्लगला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. दिवसा जोडा, लांब बसा. बल्ब मंद होत विझेल. तसाच दिवस-दोन दिवस जोडलेला राहू द्या, मग मल्टिमीटरने शून्याच्या जवळ आलाय ना ते पाहा. नंतर वायरींची टोकं वेगवेगळी चिकटपट्टीने बांधा. मिठाच्या पाण्यात बुडवायचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्यात बऱ्याचदा टोकंच आधी गंजून तुटतात आणि पॅक आतून भरलेलाच राहतो. फाटलेला, गरम होणारा पॅक मात्र बल्बला जोडायच्या भानगडीत न पडता वाळूत, बाहेर, एकटा राहू द्या. भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात तो जाता कामा नये. कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला की तिथे आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि त्या परत गोळा करणं ही उत्पादकांची. नगरपंचायतीकडे ई-कचरा संकलनाची चौकशी करा, नाहीतर मुंबईला जाणाऱ्या कुणाकडे, पूर्ण रिकामा आणि टोकं बांधलेला, अधिकृत ई-कचरा केंद्रासाठी द्या.

शेवटी चुलतभावाचे पॅक. रेल्वेने किंवा गाडीने येणार असेल तर स्टोअरेजच्या पातळीवर, प्रत्येक पॅकची टोकं झाकलेली, वेगवेगळ्या पिशव्यांत, स्वतःजवळ. सामानाच्या ढिगाखाली नाहीत, आणि प्रवासात चार्जिंग अजिबात नाही. विमानाने येणार असेल तर सुटे पॅक फक्त केबिनच्या बॅगेत न्यायचे, चेक-इनच्या सामानात नाही. मर्यादा एका पॅकला १०० वॉट-अवर, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. तुमच्या मुलाचे पॅक २४ चे आहेत. ४एस ५००० असेल तर १४.८ गुणिले ५, म्हणजे ७४, तोही मर्यादेत बसतो. किती पॅक चालतील ते तिकीट काढतानाच कंपनीला विचारायला सांगा. तो उतरला की त्याचे पॅक घरात न नेता थेट चिऱ्यांकडे न्या. एकेक सेल मोजून घ्या, आणि ज्याच्यावर मार बसल्याची खूण दिसेल तो त्या सुट्टीत उडणार नाही हे दोघांनाही आधीच सांगून टाका.